कानामागचं हाड

उजवा हात उचलून कानाच्या मागे ठेवा. पाळीच्या मागे बोटांना एक टणक उंचवटा लागेल. डोळे मिटले तरी चालेल. त्या उंचवट्याच्या आतल्या बाजूला, कवटीच्या तळाशी, एक लहानसं हाड आहे. त्यात शंखासारखी वेटोळी पोकळी आहे. आत्ता बाहेर जे काही वाजतंय, पंख्याची घरघर, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न, शेजारच्या कुकरची शिट्टी, ते सगळं त्या पोकळीतून तुमच्यापर्यंत पोचतंय. माणसाच्या अंगात इतकं घट्ट हाड दुसरं नाही. वैद्यकात त्याला नाव पडलं तेही दगडावरून.

हे हाड आईच्या पोटात घडतं. हातापायांची हाडं वाढतात, मोडली तर सांधतात, आयुष्यभर आतून बदलत राहतात. हे मात्र जन्माच्या सुमाराला जसं झालेलं असतं, तसंच बहुतांशी राहतं. तुम्हाला नाव मिळायच्या आधी, आडनाव चिकटायच्या आधी, कोणी तुमची जात विचारायच्या आधी ते तयार झालेलं होतं. त्याच्यातून तुम्ही ऐकलेला पहिला आवाज आईचा.

माणूस पुरला की मांस जातं, केस जातात, हाडं सच्छिद्र होत जातात आणि त्यांच्यातला डीएनए तुटत तुटत विरून जातो. या दगडी कोपऱ्यात तो थोडा जास्त काळ टिकतो. गेल्या दहा वर्षांत जुन्या माणसांबद्दल जे नव्याने कळलं, त्यातलं पुष्कळसं या एका हाडाच्या चिमूटभर भुकटीतून कळलं आहे.

हात खाली घ्या. आज आपल्याला एका बाईपर्यंत जायचं आहे. सावकाश जाऊ. घाई केली तर ती सापडणार नाही, तिच्यावरून चाललेलं भांडण तेवढं सापडेल.

मनात आईचं नाव घ्या. मग आईच्या आईचं. मग तिच्या आईचं. आणखी एक पायरी उतरून बघा. बहुतेकांची वाट इथेच कुठेतरी संपते. माझी तिसऱ्या पायरीवर संपते. आजीच्या आईला घरातले सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत; तिचं माहेरचं नाव माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची आपली रीत. त्या तांदळांखाली किती नावं गेली असतील, या विचाराने मी बराच वेळ अस्वस्थ होतो. श्राद्धातसुद्धा तीन पिढ्यांपर्यंतच नावं उच्चारतात. त्यांना वसू, रुद्र, आदित्य म्हणतात. आदित्यांच्या पलीकडे नाव घेऊन हाक मारायची सोय नाही.

नावं संपली म्हणून माणसं संपत नाहीत. एक पंगत मांडून बघू. तुमच्या शेजारी आई बसली आहे. तिच्या पलीकडे तिची आई, तिच्या पलीकडे तिची. एका पिढीला २५ वर्षं धरली तर साडेचार हजार वर्षं मागे जायला १८० बायका पुरतात. फक्त १८०. एखाद्या साध्या लग्नात एका वेळी याहून जास्त पानं मांडली जातात. मी हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा तो पुन्हा करून पाहिला, इतकी ही संख्या लहान वाटली. ज्या काळाला आपण ‘इतिहासपूर्व’ म्हणून इतकं दूर ढकलतो, तो एका मांडवात बसतो.

या पंगतीच्या कडेने चालत जा. पहिल्या चार-पाच जणींचं लुगडं, बसायची ढब ओळखीची वाटेल. तिसाव्या पानाच्या आसपास ज्ञानेश्वरांच्या काळातली कोणी बसली आहे. ऐंशीव्या पानाशी सातवाहनांचा काळ आहे. एकशे विसाव्या पानाशी लोखंड अजून नवं आहे, आणि घोड नदीच्या काठी इनामगावात लोक कुडाच्या, मातीने लिंपलेल्या घरांत राहताहेत. तुमच्या मातृरेषेतली बाई तेव्हा नेमकी कुठे होती, कोणती बोली बोलत होती, हे विचारू नका. ती होती एवढं पक्कं. ती नसती तर तुम्ही हे वाचत नसता. मध्ये एकही पान रिकामं नाही.

आणि ही तर फक्त आईची रेषा. प्रत्येकीला बापही होता, त्याला आई होती. दहा पिढ्या मागे गेलात की पूर्वजांच्या जागा १,०२४ होतात. वीस पिढ्यांवर त्या १० लाखांच्या वर जातात. ज्ञानेश्वरांच्या काळाशी, तिसाव्या पिढीवर, १०७ कोटी होतात, आणि तेव्हा साऱ्या जगात इतकी माणसं नव्हती. याचा अर्थ एवढाच की तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात. तुमच्या झाडावर जी बाई चार फांद्यांवर आहे, तीच शेजाऱ्याच्या झाडावर सहा फांद्यांवर आहे. गावात ज्याच्याशी बांधावरून तीन पिढ्यांचा दावा चालू आहे, त्याच्याही.

इथे जरा थांबा. श्वास घ्या. पंगतीच्या शेवटच्या पानाकडे बघा. आता तिच्या काळात जाऊ.

हरियाणातल्या हिसार जिल्ह्यात राखीगढी नावाचं ठिकाण आहे. सिंधू संस्कृतीतल्या सर्वांत मोठ्या वस्त्यांमध्ये ते मोडतं. आज त्या पांढरीच्या टेकाडांवर राखी खास आणि राखी शाहपूर ही दोन गावं नांदताहेत. म्हणजे लोकांच्या चुली साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वीच्या चुलींवर पेटताहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांच्या पथकाने २०१३ पासून इथे उत्खनन केलं. वस्तीपासून थोडं दूर दफनभूमी आहे. खड्डे साधे. मृत व्यक्ती उताणी निजवलेली, डोकं उत्तरेकडे, पाय दक्षिणेकडे, डोक्याशी मातीची भांडी.

त्या भांड्यांमध्ये काहीतरी वाढलेलं असणार. रिकामं भांडं कोणी मेलेल्या माणसाच्या उशाशी ठेवत नाही.

त्यातल्या एका खड्ड्यात ती होती. तिला नाव नाही. शास्त्रज्ञांच्या वहीत एक इंग्रजी अक्षर आणि चार आकडे आहेत: आय ६११३. ती बाई होती हेही तिच्या डीएनएवरूनच ठरलं. तिचं आयुष्य ख्रिस्तपूर्व २८०० ते २३०० च्या दरम्यान कधीतरी गेलं. तिला मुलं होती की नव्हती, ती हसायची कशी, तिला झोपेत कोणती भीती वाटायची, यातलं काहीही हाडात नसतं. कल्पनेने तिला नटवायचा मोह मला होतो. हडप्पाकाळच्या काही स्त्रियांच्या डाव्या मनगटावर शंखाच्या बांगड्या सापडल्या आहेत, त्या हिलाही घालाव्यात असं वाटतं. पण नको. तिला जशी आहे तशी निजू दे.

राखीगढीतून ६१ सांगाड्यांचे नमुने तपासणीला गेले. उन्हाळ्यात तापणारी आणि पावसाळ्यात ओलावणारी ती जमीन. उष्णता आणि ओल यांच्यासारखे डीएनएचे शत्रू नाहीत. सैबेरियातल्या देनिसोवा गुहेत बोटाच्या एका इवल्या हाडाने मानवजातीची एक आख्खी हरवलेली शाखा दाखवली, कारण तिथली थंडी हजारो वर्षं राखण करत बसली होती. आपल्याकडे अशी राखण नाही. ६१ पैकी ६० नमुने गप्प राहिले. एकातून, कानामागच्या हाडातून, अगदी बारीक कुजबुज आली.

ती कुजबुज ऐकण्यासाठी काय करावं लागलं ते डोळ्यांसमोर आणा. डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली माणसं. एखादा केस गळला, शिंक आली, तर तपासणाऱ्याचाच डीएनए नमुन्यात जायचा. बारीक ड्रिलने काढलेली हाडाची भुकटी. तिच्यात मातीतल्या जंतूंचा डीएनए मुबलक आणि बाईचा नावापुरता. त्याचेही तुकडे झालेले. तुमच्या पेशींत ३०० कोटी अक्षरांचा मजकूर सलग आहे. जुन्या हाडात त्याच मजकुराच्या चाळीस-पन्नास अक्षरांच्या चिंध्या उरतात. जीर्ण पोथीच्या पानांच्या कडा आधी झडतात, तशी या चिंध्यांची टोकं आधी खराब होतात आणि तिथे एक ठरावीक अक्षर बिघडून दुसऱ्यासारखं वाचलं जातं. तो बिघाड दिसला की समजायचं, हा डीएनए खरोखर जुना आहे. ताज्या माणसाच्या डीएनएची टोकं शाबूत असतात. जीर्णपणा हीच इथे खरेपणाची साक्ष.

त्या एका बाईच्या भुकटीतून शंभराहून अधिक वेळा नमुना तयार करून वाचला गेला. हैदराबादची सीसीएमबी, लखनौची बिरबल साहनी संस्था, हार्वर्ड, सगळीकडचे हात त्याला लागले. जिथे माणसामाणसांत फरक असतो अशा सुमारे १२ लाख जागा शोधायच्या होत्या. सापडल्या ३१ हजारांच्या आसपास. म्हणजे शंभर शब्दांच्या पत्रातले अडीच-तीन शब्द. मला या आकड्यापाशी नेहमी थांबावंसं वाटतं. तिच्याबद्दल एवढं बोललं गेलं, एवढे मथळे छापले, आणि तिने स्वतः उच्चारलं ते इतकंच. तरी तेवढ्यावरून ती कोणाकोणापासून झाली ते वाचता आलं. सप्टेंबर २०१९ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं.

आता ती काय म्हणाली ते ऐका. तिच्यात दोन प्रवाह होते. एक, दक्षिण आशियात फार पूर्वीपासून राहणाऱ्या शिकारी-संग्राहकांचा. पन्नासेक हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून बाहेर पडून जी माणसं पूर्वेकडे पसरली, त्यांचे हे वारस; आज त्यांचे लांबचे नातेवाईक म्हणून अंदमानातल्या ओंगींकडे बोट दाखवता येतं. ओंगी आज शंभराच्या आसपास उरले आहेत. दुसरा प्रवाह इराणच्या जुन्या रहिवाशांशी नातं सांगणारा. पण इथे एक बारकावा आहे. इराणमध्ये ज्यांनी पुढे शेती केली, त्यांच्यापासून या बाईचे पूर्वज १२ हजार वर्षांहून आधी, म्हणजे शेती सुरू व्हायच्या आधीच, वेगळे झालेले होते. तेव्हा इराणी शेतकऱ्यांचे लोंढे नांगर घेऊन सिंधूच्या खोऱ्यात उतरले, हे जुनं चित्र तिच्याशी जुळत नाही.

एकच बाई, तिच्यावरून एवढा मोठा निष्कर्ष कसा काढायचा, असं मनात येईल. यायलाच हवं. त्याचं उत्तर मला या सगळ्या गोष्टीत सर्वांत हृद्य वाटतं. तुर्कमेनिस्तानात गोनूर आणि इराणच्या पूर्व टोकाला शहर-ए-सोख्ता अशी दोन प्राचीन नगरं होती. तिथल्या कबरींमध्ये ११ माणसं अशी सापडली होती की ती आजूबाजूच्यांसारखी नव्हती. त्यांच्यात अंदमानी नात्याचा तो अंश होता, जो शेजारच्या कबरींत नव्हता. ती माणसं तिथली नव्हती. सिंधूच्या खोऱ्याशी त्या नगरांची देवाणघेवाण होती हे तिथल्या वस्तूंवरून माहीत होतं, पण या अकरांचं घर कोणतं, हे खात्रीने सांगायला घरचा एकही माणूस हाती नव्हता. मग राखीगढीची ही बाई बोलली आणि ती नेमकी त्या अकरांच्या रांगेत बसली.

परदेशात वारलेली अकरा माणसं. व्यापाराला गेली असतील, लग्न होऊन गेली असतील. दूरच्या मातीत पुरली गेली. आणि चार हजारांहून अधिक वर्षांनी माहेरची एक बाई येऊन म्हणते, ही आमची. ज्यांचं कोणी दूर देशी गेलं आहे आणि तिकडेच राहिलं आहे, त्यांनी या जागी थोडं जास्त थांबावं.

पुढचा भाग आणखी हळू वाचा, कारण इथे आवाज चढतात.

तिच्यात जे नव्हतं, त्याचा गवगवा जास्त झाला. युरोप आणि आशियाच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानांत गुरं-घोडे राखणाऱ्या लोकांचा अंश तिच्यात नाही. आज भारतात तो बहुतेक समाजांत कमी-अधिक आहे. म्हणजे तो तिच्यानंतर आला. त्याच सप्टेंबर महिन्यात ‘सायन्स’मध्ये ५२३ प्राचीन माणसांचा अभ्यास आला, त्यानुसार ख्रिस्तपूर्व २००० ते १५०० च्या दरम्यान ती माणसं इकडे उतरली, आणि ख्रिस्तपूर्व १२०० नंतरच्या स्वात खोऱ्यातल्या कबरींत त्यांचा अंश स्पष्ट दिसतो. भारतीय-आर्य भाषा त्यांच्याबरोबर आल्या, असं मानायला हा मोठा आधार आहे. अर्थात हाडाला भाषा नसते. ती बाई कोणत्या भाषेत पाणी मागायची, हे तिचं हाड सांगत नाही.

बातमी आली त्या दिवशी एकाने तिला पुरावा म्हणून उभं केलं की बाहेरून कोणी आलंच नव्हतं, आणि दुसऱ्याने तिलाच उभं केलं की बघा, आले ते नंतर आले. मी दोन्ही वाचलं आणि मला तिची दया आली. इतकी वर्षं निजलेली बाई उठवली, ती कशासाठी? आम्ही पहिले की तुम्ही पहिले, एवढंच विचारायला? खरं सांगायचं तर तिच्या पूर्वजांतही पहिलं कोणी नाही. तिचे दोन्ही प्रवाह कुठून ना कुठून आलेले, आणि तिच्यात मिसळलेले.

हाडांकडून आपल्याला हवं ते वदवून घ्यायचा धोका आपल्या ओळखीच्या एका बाईंनी फार जवळून पाहिला होता. १९२० च्या दशकाच्या शेवटी, पुढे मानववंशशास्त्रज्ञ झालेल्या इरावती कर्वे बर्लिनला शिकायला होत्या. तिथल्या संस्थेत कवट्या मोजल्या जात, आणि कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वंशावर अवलंबून असतो, असं त्यांच्या मार्गदर्शकांचं गृहीत होतं. त्या कोवळ्या वयात, परक्या देशात, इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं की तसा काही संबंध दिसत नाही. नंतर त्या डेक्कन कॉलेजात आल्या, पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजला पाषाणयुगातले सांगाडे अभ्यासले, महाराष्ट्रातल्या जातीजातींत फिरून माणसं मोजली. मापपट्टी तीच. ती कोणाच्या अभिमानासाठी वापरायची नाही, एवढं त्यांनी आधीच ठरवलं होतं. राखीगढीवर वाचताना मला त्या पुन्हा पुन्हा आठवतात.

गवताळ मैदानांतला तो अंश आपल्यात आला कसा, हाही प्रश्न शांतपणे धरून बघायला हवा. आज भारतातल्या मातृरेषा, आईकडून मुलीकडे जाणारा डीएनए, फार मोठ्या प्रमाणात इथल्याच जुन्या बायकांच्या आहेत. राखीगढीच्या बाईची मातृरेषासुद्धा आजच्या भारतात सापडते. पितृरेषांमध्ये मात्र उत्तरेकडून आलेल्या पुरुषांचा वाटा बराच मोठा आहे. पुरुष जास्त आले, बायका इथल्या होत्या. त्या संसारांत काय घडलं असेल? कुठे राजीखुशी असेल, कुठे जबरदस्ती असेल, कुठे दोन्हींच्या मधलं, ज्याला बायकांच्या बोलण्यात नावं आहेत आणि पुस्तकांत नाहीत. पंगतीतल्या त्या एकशे चाळीसाव्या-पन्नासाव्या पानापाशी उभे राहा. ती मान खाली घालून जेवते आहे. तिला काही विचारू नका. फक्त लक्षात घ्या, ती आहे.

आता हाड बाजूला ठेवा आणि जीभ घ्या. ‘आम्ही जेवायला चाललो.’ ‘आपण जेवायला जाऊ.’ ही दोन वाक्यं मनात म्हणा. पहिल्यात समोरचा बाहेर राहिला, दुसऱ्यात तो आत आला. संस्कृतात याला दोन शब्द नाहीत. तिथे एकच ‘वयम्’. हिंदीत ‘हम’वर भागतं. तमिळमध्ये, तेलुगूमध्ये मात्र हा फरक आहे. मराठीला तो द्राविडी भाषांच्या सहवासातून मिळाला, असं भाषेचे अभ्यासक मानतात. कोणी व्याकरणाचा वर्ग घेऊन हे शिकवलं नसणार. ज्यांच्या घरात दोन बोली होत्या, अशा आयांच्या मांडीवर मुलं बोलायला शिकली. आईच्या बोलीत समोरच्याला आत घेणारा शब्द होता. मुलांनी बापाच्या भाषेत तो ठेवून दिला. निदान मला ते तसंच दिसतं. आज आपण ‘आपण’ म्हणतो तेव्हा तोंडात त्या मिसळणीचा घास असतो.

ही मिसळण किती खोल आहे हे २००९ मध्ये हैदराबादच्या लालजी सिंग, के. थंगराज आणि हार्वर्डच्या डेव्हिड राईक यांच्या गटांनी दाखवलं होतं. पुढे २०१३ मध्ये तिचा काळही काढला: सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी. भिल्लांपासून काश्मिरी पंडितांपर्यंत, जवळजवळ कोणीही सुटलं नाही. सव्वादोन हजार वर्षं या देशात माणसं एकमेकांच्या घरात गेली, आली, राहिली.

आणि मग दारं लागली. डीएनएमध्ये ते स्पष्ट दिसतं. मिसळणं थांबतं, जातीतल्या जातीत लग्नं सुरू होतात आणि शंभर पिढ्यांच्या आत आपण हजारो बंद खोल्यांत वाटले जातो. आंध्र-तेलंगणातल्या वैश्य समाजाची खोली निदान दोन हजार वर्षं बंद आहे. त्या समाजातल्या काहींना भूल देताना वापरलं जाणारं स्नायू शिथिल करण्याचं एक औषध पचत नाही, श्वास लवकर परत येत नाही. तिथले भूलतज्ज्ञ आधी समाज विचारून घेतात. २०१७ मध्ये दक्षिण आशियातल्या २६० हून अधिक समाजगटांचा अभ्यास झाला. त्यातले ८१ गट इतक्या थोड्या पूर्वजांवर उभे असल्याचं दिसलं की दुर्मीळ आनुवंशिक आजारांची भीती खरी आहे. त्यातल्या १४ गटांची लोकसंख्या १० लाखांहून जास्त. माणसं लाखो, दारं बंद. मला याचं दुःख होतं. शुद्धतेच्या नावाने जे राखलं, त्याची किंमत कुणाच्या तरी तान्ह्या मुलाने मोजली आहे.

एक खोट मात्र या दारांच्याही आधीची आहे. हृदयाच्या स्नायूशी संबंधित एका जनुकात काहींची २५ अक्षरं गळालेली असतात. ज्यांच्यात ती गळालेली आहेत, त्यांचं हृदय उतारवयात दुबळं पडू शकतं. भारतात शंभरातल्या सुमारे चौघांत ही खोट आहे आणि ती जवळजवळ ३३ हजार वर्षं जुनी आहे. २००९ मध्ये हा शोध लागला. ती जात पाहून येत नाही, धर्म पाहून येत नाही, उत्तरेत आहे, दक्षिणेत आहे. सगळी दारं, सगळ्या भिंती उभ्या राहायच्या कितीतरी आधी कुणा एकाच्या अंगात ती २५ अक्षरं गळाली. छातीवर हात ठेवा. ठोके ऐकू येतात? त्यांच्यामागे कोण कोण उभं आहे, हे मोजायला जाऊ नका. नुसते ऐका.

पंगतीच्या एकशे विसाव्या पानाशी आपण इनामगावावरून गेलो होतो. पुण्यातल्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात तिथल्या उत्खननातल्या वस्तू आहेत. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर यांनी १९६८ पासून पुढे पंधराएक वर्षं तिथे खोदलं. तीन हजार वर्षांपूर्वी त्या गावातली लहान मुलं वारली की त्यांना दोन मातीच्या घड्यांत ठेवत, घड्यांची तोंडं एकमेकांना जोडत आणि घरातच, जमिनीखाली पुरत. वर सारवलेली जमीन. त्या जमिनीवर आई परत स्वयंपाक करत असे. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापाशी तोडून पुरत. गेलेला माणूस दूर भटकू नये, घरातच राहावा म्हणून असावं, असं ढवळीकरांना वाटलं. मी ते दोन घडे पाहिले तेव्हा माझ्या मनात वंशाचा, भाषेचा एकही प्रश्न आला नाही. पोटाच्या आकाराचे दिसतात ते.

भाद्रपदाच्या अमावास्येला ज्यांची तिथी माहीत नाही, नाव माहीत नाही, अशा सगळ्यांसाठी आपल्याकडे पान वाढतात. सर्वपित्री. भात, खीर, वडे. पान गच्चीवर किंवा अंगणात ठेवायचं आणि बाजूला व्हायचं. लहानपणी मला वाटायचं, एवढ्याशा पानात ‘सर्व’ कसे पुरतील?

पंगत अजून उठलेली नाही. शेवटच्या पानाशी जा. ती डोकं उत्तरेकडे करून निजली आहे. ती तुमच्या रेषेतली असेल, नसेल. तिच्या उशाशी भांडी आहेत. कोणीतरी ती आणली, कदाचित तिच्या मुलीने, कदाचित बहिणीने, आणि खड्ड्याच्या काठाशी गुडघे टेकून, आत वाकून, एकेक करून तिच्या डोक्याशी ठेवली. वाकलेल्या त्या बाईचा हात अजून भांड्यावर आहे. ते नीट बसलं का, बघते आहे.